दादा आणि बेटावरचा फोन

वहिनीचा फोन आला तेव्हा मी रात्रीपुरती रोह्याला घरी येऊन परत पेणला निघाले होते, रिक्षा अष्टमीच्या पुलावर होती. "तुझा दादा गेला गो..." एवढंच ती बोलली. वडखळ येईपर्यंत मी रिक्षाबाहेर बघत बसले आणि काहीच दिसलं नाही. आता महिना होत आला, पण फोन वाजला की अजून आधी वहिनीचा तर नाही ना, ते बघते.

आमचं माहेर पेणच्या खाडीकाठचं, मिठागराचं. आमच्याकडे पोरं पाढ्यांच्या आधी भरती काढायला शिकतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता पाणी. दादाला याचा भारी तोरा. टेलिफोनचे टॉवर उभारणाऱ्या कंपनीत लागून तो मालदीवला गेला, तोही हा तोरा घेऊनच. तिथली बेटं इवलीशी. निरोप धाडायचा तर बोटीने जाणाऱ्या माणसाबरोबर, नाहीतर गावच्या एकुलत्या वायरलेसवर. दादाच्या बेटावर पहिला फोन यायचा होता. एक म्हातारी रोज टॉवरच्या पायाशी येऊन बसायची. तिचा मुलगा मालवाहू जहाजावर होता, कित्येक वर्षं तिने त्याचा आवाज ऐकला नव्हता.

यंत्रं घेऊन बोट आली. तिथला नाखवा म्हणाला, पाणी कमी आहे, थांबू. दादाने बोटांवर तिथी मोजली आणि बोट आत घ्यायला लावली. परक्या मुलखातला समुद्र पेणच्या तिथीला कशाला जुमानतोय! बोट प्रवाळाच्या खडकावर चढली, खोकी खाऱ्या पाण्यात गेली. नवी यंत्रं येऊन फोन वाजला, तोवर म्हातारी गेली होती.

हे त्याने मला एकदाच सांगितलं. "माझ्या शहाणपणापायी तिला पोराचा आवाज नाय मिळाला गो," म्हणाला आणि उठून अंगणात गेला... मालदीवहून परत आल्यावर कुणी भरती विचारली तर एकच उत्तर, "खाडीला विचार जा. मला काय कळतंय?" गावाला ती थट्टा वाटायची. मला मात्र ऐकवत नसे.

त्याचा मुलगा नीलेशही जहाजावरच लागला. अर्धांगाचा झटका येऊन दादाची वाचा गेली तेव्हा पोरगा भर समुद्रात होता. दादा दाराकडे बघायचाच नाही, माझ्या हातातल्या फोनकडे बघायचा. जाण्याच्या आदल्या संध्याकाळी एकदाचा फोन लागला. मी तो दादाच्या कानाशी धरला. "बाबा, ऐकू येतंय का?" दादाने मान हलवली. मान हललेली समुद्रापार कशी दिसणार? मीच ओरडले, "व्हय रे, ऐकतोय तो! तू बोल!"

नीलेश बोलत राहिला. मग खरखर झाली आणि आवाज तुटला. मी फोन काढायला गेले तर दादाने चालत्या हाताने माझं मनगट धरलं. आयुष्यभर टॉवर उभारलेल्या माणसाला फोन तुटलेला कळला नसेल, असं मला नाही वाटत. तरी त्याने तो कानावरून काढू दिला नाही. मीही धरून बसले.