फक्कीच्या दोन रेषा

यवतमाळात माझं पहिलं काम रस्त्यावर रेषा मारायचं होतं. शहराच्या वाहतूक आराखड्यासाठी कुठल्या रस्त्यावर गाड्या साधारण किती वेगाने धावतात, ते काढायचं होतं. मोजलेल्या अंतरावर पांढऱ्या फक्कीच्या दोन आडव्या रेषा. पुढचं चाक पहिलीवर आलं की घड्याळ दाबायचं, दुसरीवर आलं की थांबवायचं. मी नववीतून शाळा सोडलेला, सिंधुदुर्गातून इतक्या लांब आलेला. इंजिनीअर मॅडमनी तरी मला घेतलं, पण त्या दिवसापुरतं. आकडे जमले तर ठेवू, म्हणाल्या. नाहीतर परतीची गाडी.

आकडे जमेनात. रस्ता मोकळा, तरी जो तो रेषेपाशी हळू व्हायचा. मोठं कोणी यायचं असलं की रस्त्यावर फक्की पडते, हे सगळ्यांना ठाऊक. एका मोटरसायकलवाल्याने तर गाडीच थांबवली.

"काहो भाऊ, कोण येऊन राह्यलं? मंत्री?"

"कोणी नाही."

"मंग फक्की कायले मारली?"

मागे बसलेली बायको म्हणाली, "चला ना, चालान फाडंल तो. जाकीट पाहा त्याचं."

दुपारी मॅडमनी कागद पाहिला. "सायकली मोजल्यास का रे?"

संपलं, असं वाटलं. तेवढ्यात एका म्हाताऱ्याने स्कूटर थांबवून त्यांनाच विचारलं, "बाई, मंत्री कवा येते?"

मॅडम हसल्या. मग मला म्हणाल्या, "तुझं नाही चुकलं. लोक तुला आणि रेषेला बघून हळू होतायत. आपल्याला त्यांची रोजची चाल पाहिजे."

अशा वेळी कोणी 'तुझं नाही चुकलं' म्हणण्याची मला सवय नव्हती.

रेषा झाडून टाकल्या. मॅडमनी विजेच्या दोन खांबांमधलं अंतर टेपने मोजलं, माझं चमकणारं जाकीट काढून घेतलं आणि मला समोरच्या चहाटपरीवर बसवलं.

"बसू द्या," टपरीवाल्या काकू म्हणाल्या, "पन चहा घ्या लागते. फुकट बसनं जमत नाही."

खांब ते खांब मोजू लागलो. आता माझ्याकडे कोणी पाहत नव्हतं. एक गिऱ्हाईक बाकासमोर उभं राहिलं, तर काकू त्याच्यावर खेकसल्या, "अबे, बाजूले हो ना! त्या पोराले दिसून नाही राह्यलं."

संध्याकाळी मॅडमनी आकडे पाहिले. मी त्यांचा चेहरा पाहत होतो.

"हं. या गाड्या वाटतात," म्हणाल्या. "उद्या पांढरकवड्याला निघायचंय. लवकर उठशील ना?"

हो म्हटलं. त्या गेल्यावर आईला फोन लावला, इतक्यात येत नाही म्हणून सांगितलं.

"बरा," ती म्हणाली. "जेवलंस मां?"