आयर्लंडला जायचा रस्ता शहाडवरून जातो

या ब्लॉगवर मी स्पिती लिहिलंय, हंपी लिहिलंय, पावसाळ्यातलं कोकण तर तीनदा लिहून झालंय. यावेळची सहल डोंबिवलीत सुरू होते आणि ठाणे, शहाड, कल्याण करून पुन्हा डोंबिवलीतच संपते. हसू नका. इतकी धाकधूक मला कुठल्याच घाटात झाली नव्हती.

झालं असं, की माझ्या वहिनीला आयर्लंडमध्ये नर्स म्हणून काम करायचंय. ती इथल्या एका हॉस्पिटलात आयसीयूची सिस्टर आहे, भाचा बारावी झालाय, आणि दादा म्हणतो, "तू पुढे हो, मी मागून येतो." इंग्रजीची परीक्षा ती पहिल्या फटक्यात पास झाली. गाडी अडली ती कागदांवर. तिच्याकडे सर्टिफिकेट होतं, इथली नोंदणी होती. तिकडच्या नर्सिंग मंडळाला मात्र प्रशिक्षणात कुठला विषय किती तास शिकवला आणि कुठल्या वॉर्डात किती काम केलं, ते शाळेच्याच सहीने हवं होतं. आणि ठाण्यातली तिची नर्सिंगची शाळा कधीच बंद पडलेली. बऱ्याच मेलामेलीनंतर उत्तर आलं, की शाळा नसेल तर तिथे शिकवलेल्या ट्यूटरने शपथेवर लिहून दिलं तर विचार करू.

"जाऊ दे गं," वहिनी म्हणाली. "इतक्या वर्षांनी कोण सापडणार?"

मी हे वाक्य ऐकून घेणाऱ्यातली नाही. शुक्रवार-शनिवारची रजा टाकली, पाण्याची बाटली भरली आणि तिला ओढतच निघाले.

शुक्रवार : ठाणे

अकराच्या सुमाराला निघालो, त्यामुळे गाडीत ऐसपैस बसायला मिळालं. स्टेशनपासून टेंभी नाक्यापर्यंत चालतच जा, रिक्षाच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा लवकर पोचाल. वहिनी वाटेत एकेक खूण दाखवत होती. इथे आम्ही नवरात्रात देवी बघायला यायचो, इथे बर्फाचा गोळा, इथे मेट्रनने पकडलं. वीस वर्षांची मुलगी होऊन चालत होती ती, मला तिच्याबरोबर चालताना धाप लागली.

शाळा होती त्या मजल्यावर आता जिम आहे. जिथे त्यांना बँडेज बांधायला शिकवलं, तिथे एक पोरगा आरशात स्वतःचे दंड बघत होता. वहिनी दारातच थांबली. मला तिच्याकडे बघवेना, म्हणून मी खाली औषधाच्या दुकानात घुसले. प्रवासातला माझा जुना नियम आहे, पत्ता हवा असेल तर गल्लीतल्या सर्वांत जुन्या दुकानात विचारायचा.

दुकानाचे काका चष्मा वर करून म्हणाले, "शाळेची खोकी ना? ती ट्रस्टवाल्यांनी खाडीकडच्या गोडाऊनमध्ये टाकलेली. एका पावसात पाणी शिरलं, सगळ्याचा लगदा झाला. कशाला शोधताय?"

माझा चेहरा पडलेला बघून त्यांनीच पुढे विचारलं, "प्रधान मॅडम चालतील का? ट्यूटर होत्या. शहाडला राहतात आता. बीपीच्या गोळ्या अजून माझ्याकडूनच मागवतात."

चालतील म्हणजे काय! नंबर आणि पत्ता घेऊन आम्ही तलावपाळीवर जाऊन बसलो. वहिनी भेळ आणायला गेली तेवढ्यात मी फोन लावला. पलीकडे कडक, स्वच्छ आवाज. मी सगळी हकिकत सांगितली आणि म्हटलं, "तुमची विद्यार्थिनी, मृणाल गायकवाड."

"मृणाल? या नावाची मुलगी माझ्या हाताखाली नव्हती."

"मॅडम, खूप वर्षं झाली, विसरला असाल."

"मी माझ्या मुली विसरत नाही. आणि जिला शिकवलं नाही, तिच्यासाठी मी शपथेवर सही करणार नाही. राग मानू नका." फोन बंद.

भेळ उत्तम होती असं वहिनी म्हणते. मला आठवत नाही. मी तिला एवढंच सांगितलं, की मॅडम घरी आहेत, उद्या जाऊ. म्हातारं माणूस आहे, समोर बघितलं की आठवेल, अशी मी स्वतःची समजूत घालत होते. नाही आठवलं तर आयर्लंड तिथेच संपणार होतं, आणि ते तिला माझ्यादेखत कळणार होतं. रात्री मला नीट झोप लागली नाही.

शनिवार : शहाड आणि कल्याण

कल्याणला उतरून रिक्षाने शहाड. शेअर रिक्षा स्वस्त पडते, पण तीन माणसं भरेपर्यंत रिक्षावाला हलत नाही. आम्ही दोघीच निघालो. वहिनीने मॅडमसाठी मोगऱ्याचा गजरा घेतला होता आणि इस्त्रीची साडी नेसली होती.

दार मॅडमनीच उघडलं. पांढरा अंबाडा, ताठ पाठ. मी घाईघाईने पुढे झाले. "मॅडम, काल फोन केला होता ना, ही माझी वहिनी, मृणाल गायकवाड."

मॅडमनी वहिनीकडे नीट निरखून पाहिलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मान हलवायला लागल्या, ती आडवी.

आणि वहिनी माझ्यावर ओरडली. "अगं, तू काल यांना मृणाल म्हणून सांगितलंस? मृणाल कोण?" मग मॅडमकडे वळून म्हणाली, "मॅडम, मी छाया. छाया गायकवाड."

मी कपाळाला हात लावला. दादाच्या लग्नात नवरीचं नाव बदलायचं ठरलं, तेव्हा मी आठवीत होते आणि घरात लाडकी होते. मृणाल हे नाव मीच सुचवलेलं. दादाने ते अंगठीने ताटातल्या तांदळात लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या दिवसापासून आमच्याकडे छाया नावाचं कुणी उरलंच नाही. माहेरचं आडनाव सांगायचं मला बरोबर सुचलं. माहेरी तिला एक नावही होतं, हे डोक्यातच आलं नाही.

"छाया!" मॅडमचा कडक आवाज एकदम मऊ झाला. "पहिल्याच दिवशी ऑपरेशन थिएटरमध्ये चक्कर येऊन पडलीस, आणि डोळे उघडल्यावर मलाच विचारलंस, 'पेशंट बरा आहे ना?' ती छाया?"

"तीच, मॅडम."

दोघी दारातच रडल्या. मी गजरा धरून उभी होते, मग मीही रडले. मॅडमनी आम्हाला आत नेलं, चहा-पोहे दिले आणि चहा पिता पिताच वहिनीची उलटतपासणी घेतली. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटची काळजी कशी घेतेस, कूस किती वेळाने बदलतेस? उत्तरं ऐकून त्या पर्स घेऊन उठल्या. "चला. आज शनिवार आहे, नोटरी दुपारनंतर भेटणार नाही."

कल्याणच्या कोर्टाजवळ नोटरी टेबल मांडून बसलेले असतात, शोधावं लागत नाही. टायपिस्टने विचारलं, "विद्यार्थिनीचं नाव?"

"छाया गायकवाड," मॅडम म्हणाल्या, "आणि लग्नानंतरचं जे काय असेल ते हिला विचारा." 'हिला' म्हणजे मला. तो टोमणा मी मुकाट्याने घेतला. दोन्ही नावं एकाच बाईची हे दाखवायला राजपत्राची प्रत वहिनीच्या पिशवीत होतीच. तुमचंही नाव लग्नात बदललं असेल तर ती जवळ ठेवा, आणि चौकशी माहेरच्या पूर्ण नावाने करा. फोन नणंदेला करू देऊ नका.

सही झाली, शिक्का बसला, पाकीट बंद झालं, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. मग तिघींनी उभ्या उभ्या गरम वडे खाल्ले. मॅडमनी दुसरा उचलला तशी वहिनी म्हणाली, "मॅडम, तेलकट. बीपी."

"छाया, ट्यूटर मी आहे," म्हणून मॅडमनी तो संपवला.

घरी

रात्री आईला सगळं सांगितलं. दादा एवढा हसला, की त्याला ठसका लागला. आई मात्र गंभीर झाली. "मग गं, तुला हाक कुठल्या नावाने मारायची आता?"

"मृणालच म्हणा, आई. मला आवडतं," वहिनी म्हणाली. "पण तिकडच्या बिल्ल्यावर छाया लिहायला सांगणार आहे."

हंपीहून मी दगडांचे फोटो आणले होते. या दोन दिवसांचा माझ्याकडे एकही फोटो नाही, पण मॅडमच्या दारात आपलं नाव सांगताना वहिनीचा जो चेहरा झाला होता, तो मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा पाहिला. मला त्याचं वाईटही वाटलं आणि खूप बरंही वाटलं.

महिने गेले. अर्जात ईमेल माझाच होता, त्यामुळे परवा दुपारी उत्तर आधी मी वाचलं. नोंदणी मंजूर. वहिनी ड्यूटीवर होती आणि आयसीयूत मोबाईल चालत नाही. मी हॉस्पिटलच्या लँडलाइनवर फोन लावला.

"छाया सिस्टरना द्या."

"राँग नंबर. इथे छाया कोणी नाही," रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली.

"आहे हो. आयसीयूच्या दारात जाऊन नुसतं म्हणा, छायाला फोन आलाय. जी येईल तिला द्या."

तिने वैतागून रिसीव्हर टेबलावर ठेवलेला मला ऐकू आला. मग बराच वेळ काही नाही. मग धावत येणारी पावलं, आणि धापा टाकणारा आवाज, "हं, बोला वन्सं!"