तारप्याच्या फेरातली सभा

आज नव्या भाताचा वास आला आणि जव्हारचं बाजाराचं मैदान आठवलं. मी दहा वर्षांची होते. वेठबिगारीविरुद्ध तिथे सभा घ्यायला संस्थानाने बाबाला मनाई केली होती. सुगीच्या नाचाला मात्र कुणाची परवानगी लागत नसे. म्हणून भर दुपारी तारपा वाजू लागला, आम्ही फेर धरला आणि नाचता नाचताच बाबा वेठीबद्दल बोलू लागला.

शिपाई आला. "काय चाललंय?"

"नाच, दादा," आत्या म्हणाली. "पाय शिवशिवत असतील तर तुम्हीपण या."

सगळे हसले. मी मात्र घाबरून आत्याच्या कमरेभोवतीचा हात सोडला. फेर तुटला, तारपा थांबला; नाचाशिवाय ती सभाच ठरली असती, म्हणून बाबाला गप्प व्हावं लागलं. तेव्हा वाटलं, मी त्याला वाचवलं. आता कळतं, शिपायाला जमलं नसतं ते मी केलं.