महिपतीकाकांची चार अक्षरं

मी मराठीत एम.ए. केलं आणि मग चिनी शिकायला गेलो. मधल्या दीड वर्षात सांगण्यासारखं काही घडलं नाही. कुणीतरी म्हणालं, चिनी येत असेल तर हडपसरच्या कंपन्या उभ्या उभ्या नोकरी देतात. म्हणून नाव घातलं.

क्लास सदाशिव पेठेत, दुसऱ्या मजल्यावर. खाली दातांचा दवाखाना. वर्गात आम्ही अकरा जण. दहा जण पंचविशीच्या आगेमागे. अकरावे महिपती भालेराव. वय चौसष्ट, राहणार खडकी, धंदा पेंटर.

पहिल्या दिवशी ते माझ्या शेजारी येऊन बसले. मी विचारलं, "काका, नातवंडाला सोडायला आलात?"

"इथे काका म्हणू नकोस. वर्गात आहोत. खाली उतरलो की म्हण." मग माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "जिन्यातली पाटी बघितलीस? ‘चपला बाहेर काढाव्यात.’ ‘व्या’चं पोट सुटलंय. रंगवणारा घाईत तरी होता, नाहीतर उपाशी."

मी परत जाऊन पाटी बघितली. खरंच सुटलं होतं.

काकांनी पंचेचाळीस वर्षं पाट्या रंगवल्या. त्यांचे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. तिथल्या ठेकेदाराकडे काकांनी सतराव्या वर्षी ब्रश धरला. पहिला शब्द रंगवला ‘धोका’. लाल अक्षरात, दीड फूट उंच. "तिथे चूक चालत नाही," ते सांगायचे. "धोक्याची पाटी चुकली तर माणूस हसत हसत मरतो." पुढे दुकानं, दवाखाने, लग्नाच्या कमानी, भीमजयंतीच्या कमानी, शाळेच्या भिंती. पंचेचाळीस वर्षांत त्यांच्या पाटीवर कुणी चूक दाखवली नव्हती. एका प्राध्यापकांनी प्रयत्न केला होता. काकांनी त्यांच्याच घरातून कोश मागवला.

त्यांच्या आईला लिहिता येत नव्हतं. रेशन दुकानात अंगठा. आई म्हणायची, "महिपती, अक्षर चुकवू नको. आपल्याकडे ते उशिरा आलंय."

मग फ्लेक्स आला. धंदा बसला. उरल्या त्या चायनीजच्या गाड्या.

हे नीट सांगायला हवं. बावीस वर्षांपूर्वी खडकीत सोजरबाई नावाच्या बाईंनी चायनीजची गाडी टाकली. काकांना म्हणाल्या, "वर चिनीत काहीतरी लिहा. खरं वाटलं पाहिजे." काकांना चिनी येत नव्हतं. सोजरबाईंनाही येत नव्हतं. तिथल्या मंच्युरियनलाही येत नसावं. पण काका नमुन्याशिवाय अक्षर काढत नसत. त्याच आठवड्यात मुलाला नवे बूट आणले होते. खोक्यात एक छोटी पांढरी पुडी निघाली, आत साबुदाण्यासारखे दाणे. पुडीवर चार चिनी अक्षरं. दुसरं काहीच छापलेलं नव्हतं. काकांनी ती चार अक्षरं लाल पत्र्यावर पिवळ्या रंगात हुबेहूब उतरवली. खाली कोपऱ्यात सही. ‘महिपती, खडकी’.

गाडी चालली. दुसऱ्या गाडीवाल्यांनी तीच अक्षरं मागितली. मग तिसऱ्यांनी. शहरभर काकांची चार अक्षरं झाली.

एकच बदल त्यांनी स्वतःच्या मनाने केला होता. चारही अक्षरांवरून शिरोरेषा ओढली. "नाहीतर उघडी वाटतात," ते म्हणाले.

 याला काय म्हणायचं, हे एम.ए.ला नव्हतं.

त्यांची नात पायल इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला. तिने एकदा गाडीवरच्या पाटीकडे बोट करून विचारलं, "आजोबा, यात काय लिहिलंय?"

"चायनीज."

"चायनीज ओके. पण काय?"

काकांना सांगता येईना. तिने भाषांतरासाठी फोन धरला. वरच्या शिरोरेषेने फोन गडबडला. म्हणाला, ‘छताखाली घोडा.’ पायल हसून लोळली. म्हणाली, "तुम्हीच लिहिलंय आणि तुम्हालाच वाचता येत नाही. हे म्हणजे अंगठाच की आजोबा."

पोरगी गंमत करत होती. काका तीन दिवस जेवले नाहीत नीट. चौथ्या दिवशी फी भरली. पायलला म्हणाले, "मी वाचून सांगेन. फोन नाही सांगणार."

वर्गात त्यांचं आणि अक्षता मॅडमचं रोज वाजायचं. चिनी अक्षरात रेघांचा क्रम ठरलेला असतो. आधी आडवी, मग उभी. आधी वरची, मग खालची. काकांची सवय पेंटरची. आधी पेन्सिलने अक्षराचा सगळा आकार पोकळ काढायचा, मग आतून भरायचा. त्यांचं अक्षर पुस्तकापेक्षा देखणं यायचं आणि पूर्ण चुकीचं असायचं.

"भालेराव, आधी आडवी रेघ."

"मॅडम, वाळल्यावर कोण बघतंय?"

"मी बघतेय."

"तुम्ही ओलं असताना बघता."

मॅडमनी चष्मा काढून पुसला. त्या असं चिडल्यावर करायच्या. म्हणाल्या, "परीक्षेत वाळायला वेळ देत नाहीत."

चौकोनात काही असलेल्या अक्षराचा नियम मात्र काकांना फार आवडला. आधी तीन भिंती, मग आतलं सामान, शेवटी खालची रेघ ओढून दार बंद. "माणसं आत आल्यावर कडी लावायची. बरोबर आहे. आमच्याकडे पाहुणे जाईपर्यंत दार उघडंच."

दुसऱ्या आठवड्यात मॅडमनी फळ्यावर एक अक्षर काढलं. म्हणाल्या, "छिंग. म्हणजे कृपया." काका ताडकन उभे राहिले.

"हे माझं आहे!"

"कुणाचं?"

"माझं पहिलं. हडपसरपासून खडकीपर्यंत आहे."

त्या दिवशी त्यांनी मला भेळ खाऊ घातली. महिनाभराने चौथं अक्षर भेटलं. युंग, वापरणे. मग तिसरं. श, खाणे. काकांचा चेहरा फुलत गेला. कृपया, खाणे. "बघ योगेश, आपोआप बरोबर लिहिलं गेलंय. हाताला कळत होतं." दुसरं अक्षर काही पुस्तकात येईना. छोटंसं, चार रेघांचं, वाऱ्याने कलल्यासारखं.

शेवटी त्यांनी पाकिटातून पुडी काढली. बावीस वर्षांची, पिवळी पडलेली. शेजारी गाडीचा फोटो ठेवला. मॅडमनी फोटोतल्या शिरोरेषेवर पेन आडवं धरलं आणि वाचलं. मग पुडी वाचली. मग काकांकडे बघितलं.

"कुठून उतरवलंत हे?"

"बुटाच्या खोक्यातून."

"हे दुसरं अक्षर ‘वू’. म्हणजे ‘नये’."

"म्हणजे?"

"‘श युंग’ मिळून खाणे. ‘कृपया खाऊ नये.’"

 मग मागून निकिता नावाची मुलगी फिस्सकन हसली आणि सगळेच सुटले. मीही. काका हसले नाहीत. पुडी परत पाकिटात घातली. ‘वू’ अक्षर वहीत वीस वेळा काढलं. पहिल्यांदाच बरोबर क्रमाने.

जिना उतरताना म्हणाले, "किती गाड्या उरल्यात माहितीये? सात. सातांवर माझी सही आहे."

"काका, कुणाला कळतंय?"

"मला कळतंय. आता मला वाचता येतं ना."

पायलने विचारलं तर त्यांनी सांगितलं नाही. "सातही नीट करतो, मग सांगतो." चूक कबूल करायची, पण दुरुस्त करून. ‘वू’ झाकलं की उरतं ‘कृपया खावे’. एवढंच काम होतं. मी बेकार होतो, म्हणून डबे धरायला बरोबर गेलो.

आम्ही दुपारी जायचो, गाड्या लागायच्या आधी. काका लाल रंगाने ‘वू’ झाकायचे. रिकाम्या जागेवर हिरवी मिरची काढायचे. शिरोरेषा ठेवायचे. मॅडमनी ती पुसायला सांगितली होती. "त्यांना सांग, हो म्हणाले," काका म्हणाले.

हडपसरला संभाजी नावाचा गाडीवाला मिरचीवर खूश झाला. "आधी काय होतं तिथं?"

"चूक."

"कसली?"

"आरोग्याची."

पाच दिवसांत सहा गाड्या झाल्या. राहिली सोजरबाईंची. पहिली.

सोजरबाई सत्तरीच्या. कोबी चिरत बसल्या होत्या. काकांनी ब्रश काढताच सुरी थांबली.

"काय करताय?"

"एक अक्षर झाकायचंय."

"हात लावायचा नाही. बावीस वर्षं धंदा दिलाय या अक्षरांनी. दोन पोरींची लग्नं झाली याच्याखाली. झाकायला मी मेले का?"

"सोजरबाई, चुकीचं लिहिलंय."

"तुम्हीच लिहिलंय."

"म्हणूनच आलोय. यात लिहिलंय, कृपया खाऊ नये."

सोजरबाईंनी वर बघितलं. "कोण म्हणतं?"

"मी. वाचलं मी."

"मग लोक का खातात?"

"त्यांना वाचता येत नाही."

"मग तुमचं काय दुखतंय?"

  काका सहीकडे बोट दाखवून म्हणाले, "खाली माझं नाव आहे. निदान ते तरी झाकू द्या."

"नाव झाकल्यावर बोर्ड कुणाचा? बेवारशी?" सोजरबाईंनी शेगडी पेटवली. "बसा. बावीस वर्षांत एकदा तरी खाल्लंत का माझ्याकडे?"

खाल्लं नव्हतं. काका डबा आणत. भाकरी, पिठलं, कांदा. शहरभर गाड्या रंगवल्या, एकीवरही त्यांनी चायनीज चाखलं नव्हतं.

"आधी खा. मग ठरवा खावं का खाऊ नये."

शेजवान राईस आला. रंग काकांच्या डब्यातल्या लालपेक्षा गडद होता. काकांनी पहिला घास घेतला. दुसरा घेतला. माणूस मानी, ताटात टाकत नाही. पाचव्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं, सातव्याला कानांमागून घाम. सोजरबाई बघत होत्या. काकांनी प्लेट संपवली. पाणी प्यायले. परत प्यायले. मग मान वर करून चारही अक्षरं सावकाश वाचली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, ओठ हलवत.

"योगेश, लाल डबा बंद कर."

"झाकायचं नाही?"

त्यांनी फोन लावला. स्पीकरवर पायलचा आवाज आला. "हां आजोबा, झाल्या का सात?"

"सहा झाल्या. ऐक, वाचतो. छिंग, वू, श, युंग. कृपया खाऊ नये."

पलीकडे खिदळणं. "आजोबा! खाण्याच्या गाडीवर? बावीस वर्षं? म्हणजे चुकलंच ना!"

काकांनी रिकाम्या प्लेटकडे बघितलं.

"सहा ठिकाणी चुकलं होतं, ते दुरुस्त केलं," ते म्हणाले. "इथे खाऊन बघितलं. इथे बरोबर आहे."

सोजरबाईंनी सुरी उचलली. मला वाटलं, आता काही खरं नाही. त्यांनी फक्त कोबी पुढे ओढला. "म्हाताऱ्याला पचलं नाही म्हणून," त्या मला म्हणाल्या.

काकांनी बारीक ब्रश पिवळ्यात बुडवला. कोपऱ्यातली सही उन्हाने फिकी पडली होती. ती त्यांनी पुन्हा गिरवली. आधी अक्षरं, शेवटी शिरोरेषा.