गार्ड काढले आणि चहा गेला

हसणार नाही असं आधी कबूल करा, मग सांगतो. बरं, हसाच, पण घोट गिळून हसा. आईच्या हातचा चहा मी एका पान्यानं कसा घालवला, त्याचा हा किस्सा आहे.

आमच्याकडे बाबांची एक जुनी स्पोर्ट्स कार आहे. लाल, दोन दारांची आणि इतकी बसकी की आत शिरलं की पाटावर बसल्यासारखं वाटतं. बाबांनी ती तरुणपणी हौसेनं घेतली आणि कशासाठी वापरली? काटोलच्या बागेतली संत्री आणायला! डिकीत एकच पेटी मावायची. दुसरी बाबांच्या शेजारी ऐटीत बसून यायची. आणि आम्ही भावंडं? आम्ही एसटीनं!

धरमपेठेतल्या आमच्या घरी गाडी लावायची ती स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून. बाबा रिव्हर्स घेत यायचे. मागच्या बंपरवर रबरी टोप्यांचे दोन उभे गार्ड होते, ते भिंतीला टेकले की थांबायचे. टुक! आत खुंटीवरचा झारा हलायचा आणि आई चहाचं आधण ठेवायची. उन्हाळ्यात कूलरच्या घरघरीत गाडीचा आवाज ऐकू येत नसे, पण ते टुक बरोबर पोचायचं. बाबा चप्पल काढेपर्यंत आल्याचा वास ओसरीवर यायचा. आजही तो वास आला की मला वाटतं, बाबा आले.

मीही गाडी तशीच शिकलो. मागे बघायचं कशाला? टुक झालं की ब्रेक!

तर, बाबांचे गुडघे गेले. वर्षभर ते गाडीत बसले नव्हते. त्या रविवारी संध्याकाळी जुन्या गाड्यांचा मेळा होता आणि मी बाबांना त्यात मिरवत नेणार होतो. त्यांनी आठवडाभर आधीच शर्टाला इस्त्री करून ठेवली होती.

आता मी गप्प बसावं की नाही? पण मोबाइलवर तसल्याच एका गाडीचा फोटो दिसला. मागून अगदी गुळगुळीत, गार्डबिर्ड काही नाही. झालं! घेतला पाना, काढले दोन्ही गार्ड, भोकं बुजवली, रंग मारला.

बाबा काठी टेकत आले. "काहून काढले गा?"

"बाबा, क्लीन लुक!"

"अरे, ते का लुकसाठी होते?"

"तुम्हाला नाही कळायचं, बाबा. आजकाल असंच असतं."

बाबांनी एकदा भिंतीकडे पाहिलं आणि ते काठी टेकत आत गेले. तिथंच मला शंका यायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी मी गाडी आणून लावली, आत येऊन बसलो. चहा नाही! तिसऱ्या दिवशीही नाही. मला वाटलं, गार्ड काढले म्हणून आई रुसली. शेवटी विचारलंच. "आई, चहा?"

"तू कवा आला? मी तं टुकची वाट पाहून राहिली!"

भिंतीला घासून नवा रंग जाऊ नये म्हणून मी गाडी अलीकडेच थांबवत होतो ना! आईच्या लेखी मी घरी आलोच नव्हतो.

मला फार वाईट वाटलं. ठरवलं, रविवारी बाबांसमोर अस्सल टुक वाजवायचं. दुपारी गाडी धुऊन आणली. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून ओसरीवर तयार. मी ऐटीत रिव्हर्स घेतला. टुक नाही. अजून थोडा. नाही. अजून...

"अबे थांब! नळ!" बाबा ओरडले.

त्या भिंतीला बंपरच्या जरा वर कूलर भरायचा नळ आहे. इतकी वर्षं ते गार्ड भिंतीला टेकायचे म्हणून नळ वाचायचा आणि गाडीही! आता नळ शिरला डिकीत आणि तुटला. पाण्याचा फवारा असा उडाला की उघड्या खिडकीतून थेट माझ्या कानात. आई कणकेचा गोळा घेऊन धावली, तो भोकात कोंबला. बाबांनी गच्चीवरचा कॉक बंद करायला मला पिटाळलं.

डिकीला हा एवढा पोचा! मला रडूच येत होतं. "बाबा, आज राहू द्या. अशी गाडी कशी नेऊ?"

"मी का मांगं बसून राहिलो? चाल!"

आम्ही गेलो. ओल्या सीटवर बसून बाबा लहान मुलासारखे खिदळत होते. मेळ्यात भेटेल त्याला बोलावून पोचा दाखवत होते. "हे पाहा, पोराचं क्लीन लुक!" इतके खूश मी त्यांना कित्येक दिवसांत पाहिले नव्हते.

परत आल्यावर मी भीतीनं गाडी भिंतीपासून लांबच थांबवली. बाबा हळूहळू उतरले, भिंतीपाशी गेले आणि काठीनं ठोकलं. टुक!

आतून आईचा आवाज आला, "आले का तुमी? टाकतो चहा!"

ओसरीवर आल्याचा वास पसरला. आई ट्रे घेऊन आली. बाबांचा कप भरलेला, तिचा भरलेला. तिसरा कप मात्र रिकामा, घासूनपुसून चकचकीत.

"हा तुहा," आई म्हणाली. "क्लीन लुक!"