आमच्या गोडाऊनचे वॉचमन

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — म्हणजे हाही भित्रेपणाच, दुसरं काय?

इंग्लंडला शिकायला गेले तेव्हा विद्यापीठाने नव्या संस्कृतीशी जुळवून घेण्याचा एक वर्गच भरवला होता. रांग कशी लावायची, सॉरी कुठे कुठे म्हणायचं. ते आठवड्यात जमलं. इंग्रजांना भिवंडी आणि भूतान सारखंच. त्यांनी मला कधी अडचणीत आणलं नाही. जुळवून घ्यावं लागलं ते तिथल्या मराठी मंडळाशी. नऊवारी, नथी, संस्कृतीवर भाषणं — आणि ओळख होताच प्रश्न, मूळच्या कुठल्या? आमचं आडनाव कुठल्याही जातीत खपणारं. म्हणून पुढचा प्रश्न — म्हणजे नेमक्या कुठल्या? मी हसून भिवंडीतल्या खड्ड्यांवर बोलायला लागायची.

इथवर नुसती लबाडी होती. तिची मला किळस येत नाही. तिची सवय आहे.

एका रविवारी मंडळातल्या एका काकूंकडे जेवण होतं. मी पुऱ्या लाटत होते, हात पिठाचे. माझा फोन वाजला. नंबर अनोळखी, म्हणून मी नको म्हटलं नाही; काकूंनीच मदतीला स्पीकर लावला. वडील होते — कुणाच्या तरी मोबाइलवरून.

"जय भीम, बाय. जेवलीस का न्हाय?"

काकू माझ्याकडे बघत होत्या. दोन शब्द म्हणायचे होते — स्वतःचं नाव बोलता येण्याआधी शिकलेले दोन शब्द. जीभ काय झडली असती?

मी म्हणाले, "हां काका, नंतर बोलते." आणि काकूंना सांगितलं, "आमच्या गोडाऊनचे वॉचमन आहेत."

बघा, किती सफाईदार. त्या वाक्यात खोटा शब्द एकच — 'आमच्या'. वडील भिवंडीजवळ अंजूरला वॉचमन होतेच. गोडाऊन दुसऱ्याचं होतं.

फोन अजून चालू होता. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मग ते म्हणाले, "बरं मॅडम. ठेवतो."

मॅडम. त्यांनी मला सांभाळून घेतलं — कळतंय ना? काकू म्हणाल्या, नोकरमाणसंसुद्धा किती जीव लावतात तुमच्याकडे. मी म्हणाले, हो ना. आणि मग जेवले. पोटभर, पुन्हा पुन्हा वाढून घेत.

परत आल्यावर भिवंडीत माझा सत्कार झाला. शाल, नारळ, माझ्यापेक्षा मोठा माझाच फोटो. माइकवर मी सांगितलं, मी एका वॉचमनची मुलगी आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. टाळ्यांचा कडकडाट झाला. म्हणजे तिथे तो शब्द लपायला वापरला, इथे मिरवायला. वडील पहिल्या रांगेत होते. त्यांनीही टाळ्या वाजवल्या, जरा उशिरा.

त्या फोनबद्दल त्यांनी कधी विचारलं नाही. मीही विषय काढला नाही. दारात येणाऱ्या प्रत्येकाला, अगदी गॅस सिलेंडरवाल्यालाही, ते जय भीम म्हणतात. मी घरी गेले की फक्त विचारतात, "आलीस?"

मी म्हणते, "आले."