शुक्रवारची लाईन

बोईसरच्या आमच्या कारखान्याला सुट्टी शुक्रवारी असायची. म्हणून साहेबांनी मला शुक्रवारीच बोलावलं. "फायरवॉल बसवून टाक. शनिवारी सकाळी मला सगळं चालू पाहिजे." माझी सहा महिन्यांची ट्रायल त्याच आठवड्यात संपत होती. त्याआधी दीड वर्ष मी माकुणसारला घरी बसून काढलं होतं, आणि बसून खाणाऱ्याला घरात कसं वाटतं ते बसलेल्यालाच माहीत. पर्मनंटचं पत्र मिळतंय की नारळ, ते या एका मशीनवर ठरणार होतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. अख्ख्या कारखान्यात कॉम्प्युटरवाला मी एकटाच. मशीनवर लिनक्स होतं, पुस्तकासोबत मिळालेल्या सीडीवरून मीच टाकलेलं. ते फोनच्या लाईनवरून मोडेमने मुंबईच्या ऑफिसशी बोलायचं. बाहेरून कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला नाही, याचे नियम मशीनला लिहून द्यायचे, ती फायरवॉल. दुपारपर्यंत नियम लिहून झाले. आता नुसती यादी दाखवायची कमांड दिली, की काम फत्ते.

कमांड दिली. वरची एक ओळ आली आणि सगळं थांबलं. दोन मिनिटं गेली, पाच गेली. कंट्रोल-सी दाबून बाहेर पडलो, पुन्हा तेच. नियम पुसून नव्याने लिहिले, पुन्हा तेच! माझी पाचावर धारण बसली. आयला, मशीन मेलं का? की कोणी बाहेरून आत शिरलंय? घाईघाईत सरळ कमांडही चुकीची टाइप व्हायला लागली.

ऑफिसची लाईन मोडेमला जोडलेली, म्हणून शेवटी गेटवरच्या केबिनमधून साहेबांना घरी फोन लावला. वॉचमनकाका तेव्हा कंपाउंडला फेरी मारायला गेले होते. नवापूरचा साठीचा माणूस, कंत्राटदाराकडून आलेला, सकाळी आल्या आल्या मला चहा पाजलेला.

"चालू मशीन असं कसं अडकतं?" साहेब ओरडले. "कोणी हात लावला त्याला?"

आणि मी म्हणालो, "ऑफिसची चावी वॉचमनकडे असते, साहेब."

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं, आणि तरी ते सगळं खोटं होतं. साहेब म्हणाले, "बघतो त्याच्याकडे," आणि फोन ठेवला.

काका परत आले तेव्हा मी तिथेच घाम पुसत बसलो होतो. "काय झाला रे? फोन लागला ना? सुक्रवारी लाईन माज्याकडंच असते. हापिसातली वायर काडून हिकडं लावतात."

मी तोवर कधी शुक्रवारी आलोच नव्हतो. गेटचा फोन वेगळा आहे असं धरून चाललो होतो. मोडेमची किरकिर टायपिस्टबाईंना सहन होत नाही म्हणून त्याचा आवाजही मीच बंद करून ठेवला होता. धावत ऑफिसात गेलो. यादी दाखवताना मशीन नियमांतल्या प्रत्येक कॉम्प्युटरच्या आकडी पत्त्याचं नाव मुंबईच्या सर्व्हरला विचारत होतं, आणि लाईनच नाही म्हटल्यावर उत्तराची वाट बघत बसत होतं. कमांडपुढे डॅश एन जोडलं. म्हणजे नावं विचारू नकोस, नुसते आकडे दाखव. डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळी यादी समोर! मशीन ठणठणीत होतं, बिघडलो होतो मी.

पुन्हा केबिनमध्ये येऊन साहेबांना फोन लावला. या वेळी काका शेजारीच उभे होते. त्यांच्यासमोर बोलायचं म्हणजे जिवावर आलं, पण बोललो. "साहेब, मशीनला काही झालेलं नाही. चूक माझी होती. वॉचमनकाकांनी त्याला हातसुद्धा लावलेला नाही."

"बरं झालं. पण कंत्राटदाराला मी मघाशीच सांगितलंय, उद्यापासून दुसरा माणूस येतोय. आता परत कुठे बोलत बसू? तू सकाळी ये, तुझं पत्र तयार ठेवतो."

त्यांना ठेवा साहेब, एवढंच म्हणायचं होतं. जास्त बोललो तर माझंही जाईल, या भीतीने मी "हो साहेब" म्हणालो.

रिसीव्हर ठेवला. "माजा नाव कशाला घेतला?" काकांनी विचारलं. मी सगळं सांगितलं, उद्या दुसरा माणूस येणार हेही. त्यांच्याकडे बघायची हिंमत होत नव्हती.

"तुजी नोकरी राह्यली ना?"

मी मान हलवली.

"मंग जा घरी," ते म्हणाले, आणि त्यांनी माझ्यासाठी गेट उघडलं.